प्लेटिंगच्या सांडपाण्यातील क्रोमियम : हातातला फोटोमीटर की टेबलावरचा?

नाशिकमध्ये ‘फोटोमीटर’ म्हटले की निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदाराला देठ परीक्षणातला फ्लेम फोटोमीटर आठवतो. तो सोडियम-पोटॅशियमसाठी; येथे प्रश्न वेगळा आहे. अंबड किंवा सातपूरच्या प्लेटिंग कारखान्याच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचे विषारी, सहा संयुजेचे रूप) किती उरले हे रोज पाहायचे असेल, तर रसायनाच्या तयार पुड्यांवर चालणारा, द्रावणाचा रंग मोजणारा हातातला फोटोमीटर घ्यावा की टेबलावरचा स्पेक्ट्रोफोटोमीटर? मी पहिला तीन वर्षे वापरून दुसऱ्याकडे वळलो आहे, त्यामुळे माझे मत सर्वस्वी तटस्थ मानू नये.

रसायन दोन्हीकडे एकच. डायफेनिलकार्बाझाइडने येणारा जांभळा रंग 540 नॅनोमीटरच्या आसपास मोजायचा. हातातल्या यंत्रात पुडी टाकून, हलवून, थोडे थांबून आकडा वाचला की काम झाले. नवा ऑपरेटरही एका दिवसात शिकतो. टेबलावरच्या यंत्रासाठी मात्र रीएजंट (रंग आणणारे द्रावण) ॲसिटोनमध्ये स्वतः करावे लागते, तपकिरी बाटलीत फ्रिजमध्ये ठेवावे लागते आणि त्याचा रंग बदलला की टाकून द्यावे लागते. डायक्रोमेटच्या स्टँडर्डवरून, म्हणजे माहीत प्रमाणाच्या द्रावणांवरून, आलेखही काढावा लागतो. आळशी माणसाने या वाटेला जाऊ नये, हे मान्य.

माझा निर्णय ठरला तो हातातल्या यंत्राच्या गोल व्हायलमुळे, म्हणजे नमुना भरायच्या काचेच्या कुपीमुळे. काच सगळीकडे सारखी नसते, म्हणून व्हायलवरची खूण यंत्रावरच्या रेषेशी नेमकी जुळवावी लागते. ती जरा सरकली, काचेवर बोटाचा ठसा किंवा बारीक ओरखडा असला, की आकडा हलतो. पाण्यात क्रोमियम भरपूर असताना हे खपून जाते. परंतु नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी मर्यादा आहे 0.1 मिलिग्रॅम प्रति लिटर, आणि नेमक्या त्याच ठिकाणी माझ्याकडे एकच व्हायल एकदा 0.09 दाखवी, किंचित फिरवली की 0.11. ईटीपीवरचा (सांडपाणी प्रक्रिया केंद्रावरचा) ऑपरेटर दारात उभा राहून विचारी, “सर, टाकी सोडू का?” आणि मी व्हायल पुसत बसे. कदाचित माझ्या व्हायली जुन्या झाल्या असतील. नव्या संचात हा त्रास कमी होईलही.

टेबलावरच्या यंत्रात नमुना भरायच्या चौकोनी क्युव्हेटला फिरवाफिरवीचा प्रश्नच नाही. 10 मिलिमीटरच्या क्युव्हेटमध्ये 0.1 मिलिग्रॅमला शोषणाचा आकडा जेमतेम 0.08 च्या आसपास येतो, ही तिची उणीव. प्रकाशाची नमुन्यातली वाट लांबली की हा आकडा वाढतो, म्हणून यंत्र घेताना 50 मिलिमीटरच्या क्युव्हेटचा होल्डर अवश्य मागावा. तो मिळाल्यापासून टाकीबाबतचे उत्तर मी नमुना दोनदा न मोजता देतो.

धातूंच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून ठेवण्याची सवय येथे आवरावी, कारण आम्लात हेक्साव्हॅलंट क्रोमियमचे ट्रायव्हॅलंट (तीन संयुजेचे, येथे रंग न देणारे) होऊ शकते आणि आकडा फसवा कमी येतो. निकेल व शिसे मी दोन्ही यंत्रांवर न करता एएएस (धातू मोजणारे अणुशोषण यंत्र) असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवतो.

जुना फोटोमीटर मात्र विकलेला नाही. बोअरच्या पाण्यातील फेरस लोह हवेशी गाठ पडताच तांबूस होऊ लागते, तेव्हा ते विहिरीवरच मोजावे लागते, आणि तेवढ्यासाठी तो गाडीच्या डिकीत असतो.