सात महिने वापरलेला ब्लूटूथ हेडफोन, लिनक्स मिंट आणि ऐंशी रुपयांची वायर

परवा मीटिंगमध्ये पुण्याचे साहेब म्हणाले, "आज आवाज स्वच्छ येतोय हो, नवीन हेडफोन घेतलात वाटतं?" घेतला नाही. तोच आहे, दिवाळीतला, सतराशे नव्याण्णवचा. जानेवारीत मी त्याला रिव्ह्यूत दोन तारे देऊन मोकळा झालो होतो. ते आता बदलायचे आहेत, पण पाचावर जाणार नाही. का ते खाली येईलच.

कंपनीचं नाव सांगत नाही, कारण या किमतीतले सगळे आतून भावंडं असतात. कान झाकणारा, घडी होणारा, खोक्यावर बॅटरी ४० तास लिहिलेला. मला तीसेक मिळतात, त्याबद्दल भांडण नाही.

माझा डेस्कटॉप चौथ्या पिढीच्या इंटेल आय-३ प्रोसेसरचा, म्हणजे जुना. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चे अपडेट बंद झाले आणि विंडोज ११ या मशीनला दारात उभं करत नाही. चालतं मशीन भंगारवाल्याला देणं आमच्या घरात कुणाला जमलेलं नाही, त्यामुळे पुतण्याने विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२.२ ही फुकटची प्रणाली टाकून दिली. मशीन पळायला लागलं. माझं काम पुण्याच्या एका फर्मसाठी रिटर्न भरण्याचं, रामबागेतल्या घरून, म्हणजे दिवसात दोन-तीन कॉल ठरलेले. संध्याकाळी काम आवरलं की अमीर खाँसाहेबांचं गाणं. इंदूरच्या माणसाला त्यासाठी वेगळं कारण लागत नाही.

डेस्कटॉपला ब्लूटूथ नाही. जेल रोडला डॉलर मार्केटमधून दोनशे रुपयांचा डोंगल आणला, म्हणजे यूएसबीत खोचायचा ब्लूटूथचा तुकडा. "भिया, सब में चलेगा," दुकानदार म्हणाला. हेडफोन जोडला गेला, गाणं लागलं आणि पहिले दोन दिवस मी खूश होतो. विलंबित झूमरा तालात दोन मात्रांच्या मधल्या जागेत तानपुरा नुसता गुंजत राहतो, तो दोन्ही कानांत वेगळा ऐकू येत होता. सतराशेत अजून काय पाहिजे?

तिसऱ्या दिवशी कॉल आला आणि डबा झाला.

या डब्याबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण सात महिन्यांत मी दुसऱ्या कशाचा इतका विचार केलेला नाही. मागे खाँसाहेब हळू आवाजात चालू ठेवून मी कॉलमध्ये शिरलो. ब्राउझरने माइक उघडला त्याच क्षणी आवाज जणू तेलाच्या रिकाम्या डब्यात पडला. दोन्ही कानांत एकच, चेपलेला, नाकातला. तानपुरा तर गायबच. साहेबांचा आवाज ट्रंककॉलसारखा आणि त्यांना माझा म्हणे बोअरवेलमधून. कॉल संपला की दोन-तीन सेकंदांत तानपुरा परत.

मी हेडफोनचा माइक खराब ठरवला आणि सर्व्हिस सेंटर गाठलं. काउंटरवरच्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, "सर, विंडोज पे चेक किया?" मी म्हटलं, लिनक्स आहे. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी टांगा घेऊन पेट्रोल पंपावर आलोय. अकरा दिवसांनी हेडफोन परत मिळाला, कागदावर शेरा 'साउंड ओके'. माझ्यासमोर त्याने मोबाइलवर एक सिनेमाचं गाणं दहा सेकंद वाजवून दाखवलं. अरे, माइक चालू करून बघ ना! रिक्षाचे जाता-येता चारेकशे गेले ते वेगळेच. दोन तारे त्याच संध्याकाळी दिले.

मग शेजारच्या मुलाच्या विंडोज लॅपटॉपला तोच हेडफोन जोडला. गाणं छान. कॉल लावला. डबा. हुबेहूब तोच.

सर्व्हिस सेंटरचा शेरा बरोबर होता, हे लिहायला मला बरेच दिवस लागले.

भानगड ब्लूटूथच्याच पोटात आहे. गाण्यासाठी ए-टू-डी-पी नावाचा प्रोफाइल, म्हणजे जोडणीची ठरलेली पद्धत, असतो. त्यात आवाज स्टिरिओ आणि भरघोस, पण एकाच दिशेने जातो, संगणकाकडून कानाकडे. माइकला या रस्त्यावर परतीची लेनच नाही. बोलायचं असेल तर हेडफोनला एचएफपी किंवा एचएसपी या टेलिफोनी प्रोफाइलवर यावं लागतं. तिथे दोन्ही बाजूंनी आवाज, पण मोनो आणि कोंबलेला. कोडेक म्हणजे आवाज आवळून पाठवण्याची रीत; जुन्या सीव्हीएसडी कोडेकमध्ये आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीही पोचत नाही. तानपुऱ्याच्या झणझणीतला वरचा भाग त्याच्या वरच राहतो. एमएसबीसी हा नंतरचा कोडेक असेल तर १६,००० नमुने मिळतात, डब्याऐवजी पिंप म्हणा. हे हेडफोन दोनशेचा असो की वीस हजारांचा, नेहमीच्या ब्लूटूथमध्ये असंच चालतं. एलई ऑडिओ ही ब्लूटूथची नवी पद्धत आणि तिचा एलसी-३ कोडेक यांत यावर उपाय आहे, पण त्यासाठी हेडफोन आणि डोंगल दोन्ही त्या जातीचे लागतात. म्हणजे परत खर्च.

माझ्या दोनशेच्या डोंगलमध्ये एमएसबीसी दिसतच नव्हता. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, बघितलं तर तो एका जुन्या ब्रिटिश चिपचं नाव सांगत होता. ती नक्कल निघाली. या नकला इतक्या आहेत की लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच, त्यांना ओळखून सांभाळून घेणारा वेगळा कोड आहे. दुसरा डोंगल रिअलटेकच्या ८७६१ चिपचा, साडेचारशेला. लावला, फर्मवेअर (चिपचं आतलं सॉफ्टवेअर) आपोआप चढलं, साउंड सेटिंगमध्ये एमएसबीसी दिसायला लागला. साहेबांनी माझी बोअरवेलमधून विहिरीत बढती केली.

मग ठरवलं की हेडफोनचा माइक वापरायचाच नाही. अडीचशेचा वायरवाला कॉलर माइक घेतला. त्याची पिन मोबाइलची, तीन काळ्या पट्ट्यांची, आणि डेस्कटॉपच्या गुलाबी भोकाला ती कळत नाही, म्हणून ती पिन माइक आणि स्पीकर अशी वेगळी करणारा साठ रुपयांचा वाय स्प्लिटर. सगळं जोडून, इनपुट कॉलर माइक निवडून कॉल लावला.

डबा!

माइक वेगळा असूनही. इथे मात्र दोष लिनक्सकडे जातो. मिंट २२ पासून आवाजाचं खातं पल्सऑडिओकडून पाइपवायरकडे गेलं आहे आणि त्याचा कारभारी आहे वायरप्लंबर. या कारभाऱ्याकडे एक यादी असते: फायरफॉक्स, क्रोम, झूम वगैरे. यातल्या कुणी माइक मागितला आणि आवाज त्या वेळी ब्लूटूथवर जात असला, की तो परस्पर टेलिफोनी प्रोफाइल लावून टाकतो. माइक कुठला मागितलाय हे विचारतही नाही. ही सोय बंद करता येते. मी तीन रविवार घालवले, कारण इंटरनेटवर सापडणारा उपाय वायरप्लंबर ०.५ चा असतो आणि मिंट २२ मध्ये आहे ०.४. या दोन्हींत सेटिंगच्या फाइलीची भाषाच बदलली आहे. ०.४ ला ल्युआ या प्रोग्रॅमिंग भाषेतली फाइल लागते. नव्या पद्धतीची फाइल ठेवली तर तो ती वाचत नाही आणि तक्रारही करत नाही, गप्प बसतो. तुम्हीही बघणार असाल तर आधी आपली आवृत्ती बघा, मग उपाय शोधा. बरोबर फोल्डरात बरोबर फाइल ठेवली, वायरप्लंबर परत चालू केला आणि त्या दिवसापासून डबा नाही. कॉल चालू असताना मागे तानपुरा तसाच वाजत राहतो. साहेबांना तो ऐकू जात नाही, हे बरंच आहे.

ही झाली डिसेंबर-जानेवारीची कथा. फेब्रुवारीत नवं सुरू झालं. रात्री साडेआठच्या सुमाराला आवाज तुटायचा. खर्र, खर्र, मग दोन सेकंद शांतता. दिवसभर ठीक. मी वायफायला दोष दिला, कारण दोघेही २.४ गिगाहर्ट्झवर. राउटर बदलून ५ गिगाहर्ट्झवर आलो, काही फरक नाही. शेजाऱ्यांच्या मायक्रोवेव्हवर संशय घेतला. ते साडेआठला जेवतात हे मला माहीत आहे.

रंगपंचमीच्या आदल्या रात्री बायकोने डेस्कटॉपची बाहेरची हार्ड डिस्क काढून नेली, भाचीच्या लग्नाचे फोटो टीव्हीवर बघायचे होते. राजवाड्याकडे उद्याच्या गेरेची, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीची, तयारी चाललेली, रस्त्यावरून भोंगा लावलेल्या गाड्या जात होत्या आणि माझ्या कानात साडेआठला आवाज एकदम नितळ.

साडेआठला माझा बॅकअप सुरू होतो. हार्ड डिस्क समोरच्या निळ्या पोर्टात, डोंगल तिच्या शेजारच्या निळ्या पोर्टात, मध्ये एक सेंटिमीटर. यूएसबी ३.० मधून डेटा धावायला लागला की त्याचा रेडिओ गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर कागद काढलेला आहे. ब्लूटूथ बिचारं सेकंदाला १,६०० वेळा चॅनेल बदलत पळतं, पण सगळाच पट्टा गढूळ झाला तर पळून जाणार कुठे?

उपाय: यूएसबी २.० ची दीड मीटरची एक्स्टेन्शन वायर, ऐंशी रुपये. एक टोक मागच्या काळ्या पोर्टात, दुसऱ्या टोकाला डोंगल, तो टेबलाच्या कडेला खिळ्याला टांगला. बॅकअप चालू, गाणं चालू, खर्र नाही. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तरी आवाज तुटत नाही, पूर्वी दारापर्यंतच यायचा. नवा राउटर बाविसशेचा होता. ऐंशी रुपयांची वायर आधी सुचली असती तर, असं मी बायकोसमोर बोललो नाही.

स्पीकरबद्दल थोडक्यात, तो जुनाच आहे, हिरव्या भोकातला. मिंटवर आल्यापासून प्रत्येक नोटिफिकेशनला 'टक'. वायरप्लंबर पाच सेकंद शांतता दिसली की साउंड कार्ड झोपवतो, उठवताना टक होतं. हेडफोनवर याच झोपेपायी गाण्याचा पहिला षड्ज अर्धा गिळला जायचा. झोपायची मुदत शून्य केली, म्हणजे झोपायचंच नाही. दोन्ही थांबलं.

आता हिशेब. हेडफोन १,७९९, डोंगल दोन मिळून ६५०, माइक आणि स्प्लिटर ३१०, वायर ८०. राउटर आणि रिक्षा धरत नाही. वायरवाला चांगला हेडसेट बाराशेत मिळाला असता आणि यातलं काहीही झालं नसतं, हे पुतण्याने मला फोनवर दोनदा सांगून झालंय. बिनतारी हेडफोन नीट चालावा म्हणून माझ्या टेबलावर सध्या दोन तारा आहेत, हेही त्याला दिसलं.

तारे साडेतीन. हेडफोनच्या आवाजाला चार दिले असते. अर्धा कापला तो कानाच्या गाद्यांसाठी. सातव्या महिन्यातच डाव्या गादीचं रेक्झिन सुटायला लागलंय, काळे कपचे शर्टावर पडतात. काही दोष सेव-परमल (शेव-कुरमुरे) खाल्लेल्या माझ्या हातांचा असेल, पण उजवीही त्याच हातांनी धरतो, ती ठीक आहे. कंपनी गाद्या वेगळ्या विकत नाही. रविवारी जेल रोडला जाऊन मापाच्या मिळतात का बघतो. दीडशेच्या आत असतील तरच.