लिंकिन पार्कचा ‘फ्रॉम झीरो’: एमिलीवर राग काढून झाला असेल तर गाण्यांबद्दल बोलू

आधीच सांगतो, मी काही तटस्थ बिटस्थ नाहीये. सांगलीत हॉस्टेलवर रूममेटच्या असेंबल्ड पीसीवर अमेरिकन रॉक बँड लिंकिन पार्कच्या ‘हायब्रिड थिअरी’ या पहिल्या अल्बमची राइट करून आणलेली सीडी दिवसरात्र वाजायची, आणि डावा स्पीकर गेलेला होता त्यामुळे यांच्या गिटारी दोन्ही बाजूंनी येतात हे मला थेट नोकरी लागून हेडफोन घेतल्यावर कळलं. २० जुलै २०१७ ला यांचा गायक चेस्टर बेनिंग्टन हे जग सोडून गेला त्यानंतर मी दोनेक वर्षं यांचं काही लावलंच नाही.

मग ५ सप्टेंबर २०२४ ला लाइव्हस्ट्रीम करून जाहीर केलं की नवी गायिका एमिली आर्मस्ट्राँग, नवा ड्रमर कॉलिन ब्रिटन, आणि १५ नोव्हेंबरला हा ‘फ्रॉम झीरो’ अल्बम. झालं, फॅन लोकांत उभी फूट. अर्धे म्हणाले नाव बदला आणि काय करायचं ते करा, अर्धे रडत रडत तिकिटं शोधायला लागले. एमिली पूर्वी एका खटल्यात आरोपीच्या बाजूने कोर्टात हजर राहिली होती त्यावरूनही बराच गदारोळ झाला, माणूस ओळखण्यात चुकले असं तिने जाहीर सांगितलं, काहींना ते पटलं काहींना अजून नाही, तो राग मला समजतो. पण चेस्टरसारखी गात नाही म्हणून शिव्या घालणारे डोक्यात जातात राव. ती कुठे म्हणतेय मी चेस्टर आहे.

उलट तिला आणलंय किती जपून ते बघा. ‘द एम्प्टिनेस मशीन’ सुरू होतं तेव्हा पहिलं कडवं बँडचा जुना रॅपर-गायक माइक शिनोडा गातो, कोरसही तोच गातो, तुम्ही म्हणता ठीक आहे, माइकचं गाणं आहे, आणि दुसऱ्या कडव्याला ती येते. घरात नवी सून आली की आधी सगळ्यांना चहा द्यायला पाठवतात ना, तसं. कोरसला तिचा आवाज जिथे खरखरतो तिथे मी बसमधे उभ्या उभ्या मान हलवत होतो, शेजारच्या काकांनी बॅग जवळ ओढून घेतली.

‘हेवी इज द क्राउन’मधे ती एका दमात सोळाएक सेकंद ओरडते, सगळ्यांनी लगेच ‘गिव्हन अप’ या जुन्या गाण्यातल्या चेस्टरच्या सतरा सेकंदांशी स्टॉपवॉच लावून तुलना केली. माझ्या पुतण्याला मात्र हे काहीच माहीत नाही, त्याच्यासाठी ते लीग ऑफ लेजेंड्स या व्हिडिओ गेमच्या २०२४ च्या जागतिक स्पर्धेचं, म्हणजे वर्ल्ड्सचं गाणं, विषय संपला. ‘कॅज्युअल्टी’ सगळ्यात भारी, कारण तिथे माइक चक्क घसा फाडतो, इतक्या वर्षांत त्याला असं ऐकलं नव्हतं, आणि दोन-सव्वादोन मिनिटांत गाणं खलास. ‘टू फेस्ड’मधे बँडचा डीजे जो हानचं स्क्रॅचिंग (रेकॉर्ड पुढेमागे घासून काढलेला आवाज) परत आलंय, ऐकताना हॉस्टेलच्या मेसचा वास आला.

आणि इथेच माझी तक्रार सुरू होते. समीक्षकांनी एकंदरीत कौतुकच केलं, पुनरागमन दमदार, एमिली फिट बसली वगैरे, पण बऱ्याच जणांनी एक गोष्ट बरोबर पकडली की बँड सेफ खेळलाय. ‘कट द ब्रिज’ ऐकताना मला सारखं यांचंच जुनं ‘ब्लीड इट आउट’ आठवतं. ‘स्टेन्ड’चा कोरस गोड आहे पण उद्या विसराल. ‘ओव्हर ईच अदर’ पूर्ण एमिलीच्या हातात दिलंय आणि नेमकं तेच सपक, तिचा दोष नाही, चालच अळणी आहे. एकच ‘ओव्हरफ्लो’ असं आहे की जिथे वाटतं हे पूर्वी केलं नव्हतं, संथ, बास जड, आवाज लांबून आल्यासारखा. अशी अजून तीन हवी होती. अकरा ट्रॅक, त्यातला पहिला तर नुसता इंट्रो, सगळं मिळून ३२ मिनिटं. आता ‘हायब्रिड थिअरी’सुद्धा ३८ मिनिटांच्या आतच होता, पण तो ऐकून दमायला व्हायचं, हा संपला की वाटतं बाकीचं कुठंय.

तरी बँडची पण गंमतच झालीये. मे २०१७ ला ‘वन मोर लाइट’ अल्बम आला तेव्हा पॉप झाले, विकले गेले म्हणून याच फॅन लोकांनी धुतलं होतं (मीही, लाज वाटते), आणि दोन महिन्यांनी तेच लोक त्यातलं त्याच नावाचं गाणं लावून रडत होते. तेव्हा नवीन केलं म्हणून शिव्या, आता जुनं केलं म्हणून शिव्या. माइकने मधला रस्ता पकडला त्यात नवल नाही. आणि ‘फ्रॉम झीरो’ अमेरिकेत बिलबोर्डच्या अल्बम यादीत दुसऱ्या नंबरवर आला, म्हणजे शिव्या देणाऱ्यांनीही ऐकला असणारच.

घ्यायचा का? स्ट्रीमिंगवर आहेच, पहिल्यांदा ऐकताना हेडफोनवर सलग ऐका, शफल नको, कारण शेवटचं ‘गुड थिंग्ज गो’ त्या आधीच्या आरडाओरड्यानंतर आलं तरच लागतं. नंतर मे २०२५ ला डिलक्स आलाय त्यात तीन नवी गाणी आहेत, त्यातलं ‘अप फ्रॉम द बॉटम’ मूळ अल्बममधेच असायला हवं होतं. पाचपैकी साडेतीन. माझ्या प्लेलिस्टमधे सहा गाणी राहिलीत, ‘ओव्हर ईच अदर’ दुसऱ्याच दिवशी उडवलं.