ऑडिओ बायबल, बरेच महिने ऐकल्यावर: तीन स्टार, चौथा पौलाच्या भाषणात गेला

बायबल वाचून ऐकवणारं हे ॲप; त्यात आणखी काय काय आहे, त्यात शिरत नाही. थेट तक्रार. प्रत्येक अध्यायाआधी पियानोचा तुकडा आणि मग भारदस्त आवाजात अध्यायाचा क्रमांक. हे बंद करायची सोय फक्त वर्गणीदारांना. म्हणजे शांततेचे पैसे! ग्राहकसेवेला लिहिलं, तर छापील आभार आले.

एवढ्याशा गोष्टीचा बाऊ कशाला, म्हणाल. मग प्रेषितांची कृत्ये या नव्या करारातल्या पुस्तकाचा 21वा अध्याय ऐका. यरुशलेमेत जमाव येशूचा प्रचारक पौल याच्या जिवावर उठलाय. रोमी शिपायांनी त्याला उचलून पायऱ्यांपर्यंत आणलंय. तो सरदाराकडे बोलायची परवानगी मागतो, हाताने खुणावतो, गलका थांबतो, तो तोंड उघडतो आणि... पियानो. "अध्याय बाविसावा." मार्कने लिहिलेल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, अध्याय 8 च्या शेवटीही तेच, येशूचं बोलणं मध्येच तोडून पुढचं वाक्य 9 मध्ये ढकललंय. अहो, कृत्ये लिहिणाऱ्या लूकने आणि मार्कने अध्याय पाडलेच नव्हते! आजची विभागणी 13व्या शतकातले इंग्रज धर्मगुरू स्टीफन लँग्टन यांची मानतात. नव्या करारातल्या वचनांचे आजचे आकडे फ्रेंच मुद्रक रोबेर एस्तिएनने 1551 मध्ये छापले. संदर्भ शोधायला उत्तम. कानाला त्याचं काय?

तरी ॲप काढून टाकलं नाही, त्याला कारण मार्क 5. याईर नावाच्या माणसाची मुलगी मरणाला टेकलेली, येशू त्याच्यासोबत तिच्याकडे निघालेला, ही गोष्ट लहानपणापासून पाठ. वाचताना डोळे पुढे पळतात, शेवट माहीत असतो ना. ऐकताना पळता येत नाही. वाटेत रक्तस्राव होणारी एक बाई बरं व्हायला येशूच्या वस्त्राला हात लावते, येशू थांबतो, कोणी शिवलं म्हणून विचारतो. एवढ्या गर्दीत हे काय विचारणं, असं शिष्यांचं म्हणणं. तो मात्र सभोवार बघत राहतो. बाई थरथरत येते, सगळं सांगते. आणि इतका वेळ याईर तिथेच उभा! मार्क या मधल्या वेळात त्याला एक शब्द बोलू देत नाही. मला चक्क येशूचा राग आला. बाईशी बोलणं संपतं न संपतं तोच निरोप येतो, मुलगी गेली. येशू पुढे तिला जिवंत करतो, हे माहीत असूनही मी पॉज दाबला.

पूर्वी दीडपट वेगाने ऐकायचो, वेळ वाचतो म्हणून. वंशावळींना तो वेग अजूनही चालतो, शुभवर्तमानांना आता नाही. अनेक आवाज आणि पार्श्वध्वनी असलेल्या नाट्यमय आवृत्तीवरही सुरुवातीला खूश होतो. पण मार्क 4 मध्ये वादळाचा आवाज इतका चढवलाय की येशू उशाला उशी घेऊन झोपलाय, हेच त्यात बुडतं. साधं एका आवाजातलं वाचन घ्या, ते फुकटही आहे.

पियानो लागला की पंधरा सेकंद पुढे ढकलायचं बटण दाबतो, पण कधीकधी पहिलं वाक्यही त्यात जातं. वर्गणी मी भरणार नाही. क्रमांक सगळ्यांसाठी बंद करायची सोय द्या, चौथा स्टार त्याच दिवशी देतो.