शॉकअब नवे, लोअर आर्म नवे आणि वर टक् फुकट (जिथे शेवटी आवाज सापडला त्या गॅरेजचा रिव्ह्यू)

आधी थोडी हकीकत. पुढचे दोन्ही शॉकअब (शॉक अ‍ॅब्सॉर्बर), लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा), लिंक रॉड असं सगळं एका दुसऱ्याच गॅरेजमध्ये बदलून घेतलं, नाव सांगत नाही, उगाच वाद नको. खड्ड्यांवरून गाडी एकदम मस्त जायला लागली, पण दुसऱ्याच दिवशी रिव्हर्स घेऊन मग फर्स्ट टाकला आणि क्लच सोडला तर पुढून डावीकडून एकच 'टक्'. परत रिव्हर्स, परत टक्. आणि चालत्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की मध्येच काहीतरी ढिलं असल्यासारखं वाटायचं, झटका नाही म्हणता येणार पण गाडी एक क्षण विचार करते आणि मग ओढते असं काहीतरी. तिथे परत गेले तर म्हणे "नवीन पार्ट आहेत मॅडम, सेट व्हायला वेळ लागतो". आठ दिवस वाट बघितली. पार्ट काही सेट झाले नाहीत, आवाज मात्र छान सेट झाला.

मग एकाने सांगितलं म्हणून या गॅरेजला गेले. इथल्या मेकॅनिकने पाना हातात घ्यायच्या आधी जुनं बिल मागितलं आणि काय काय खोललं होतं ते वाचून काढलं, मला तिथेच बरं वाटलं. मग म्हणाला, "ताई, गाडी तुम्ही चालवा, मी नुसता ऐकतो." स्टेअरिंग पूर्ण वळवून मोकळ्या जागेत गोल फिरवायला लावली, ड्राईव्ह शाफ्टचा (चाकाला इंजिनची ताकद देणारा दांडा) चाकाकडचा सांधा, म्हणजे बाहेरचा सीव्ही जॉइंट, गेला असेल तर अशा वेळी कटकटकट असा सलग आवाज येतो, तो नव्हता. गिअरबॉक्सकडचा आतला जॉइंट खराब असला तर जोरात पिकअप घेताना गाडी थरथरते, तेही नव्हतं. चाकाचं बेअरिंग गेलं की स्पीडबरोबर घूंऽऽ वाढत जातं आणि गाडी डावीउजवीकडे झुकली की बदलतं, तेही अजून नव्हतं. त्याला पहिला संशय इंजिन माउंटिंगचा (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांचा) होता. बॉनेट उघडं ठेवून, हँडब्रेक आणि ब्रेक दोन्ही लावून, मला फर्स्टमध्ये आणि मग रिव्हर्समध्ये क्लच जरासा सोडायला सांगितला आणि स्वतः बाजूला उभा राहून इंजिन किती डोलतंय ते बघितलं. थोडंसंच हललं, म्हणाला माउंटिंग ठीक आहे, माझा अंदाज चुकला. दुसऱ्या कोणी तीन माउंटिंग बदलून दिली असती आणि मी गपचूप बिल भरलं असतं, खरं सांगते.

गाडी लिफ्टवर घेतल्यावर मात्र मजा आली. चाक घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवलं तर बारीक प्ले, म्हणजे ढिलेपणा. मग मला आत बसवून ब्रेक दाबायला सांगितला आणि परत हलवलं तर प्ले गायब! ब्रेक दाबल्यावर हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) जागेवर पकडला जातो, म्हणून प्ले गेला तर गडबड हब-बेअरिंगकडे, आणि तसाच राहिला तर बॉल जॉइंट (लोअर आर्मच्या टोकाचा गोल सांधा) वगैरेकडे. इतकं सोपं असतं हे मला माहीतच नव्हतं. चाक काढलं तर ड्राईव्ह शाफ्टच्या टोकाचा मोठा नट साध्या पान्याने आरामात फिरला. लोअर आर्म बदलताना जागा व्हावी म्हणून शाफ्ट सोडवला असणार आणि मग तोच जुना नट अंदाजाने आवळून दिला, कडा ठोकून लॉकसुद्धा नीट केलेला नव्हता. नट ढिला म्हणून शाफ्टचे दाते हबमध्ये हलतात, पुढे-मागे दिशा बदलली की टक्. बऱ्याच गाड्यांना या नटाला २०० न्यूटन मीटर किंवा त्याहूनही जास्त टॉर्क (आवळायचा जोर) लागतो, आकडा गाडीप्रमाणे बदलतो म्हणून याने मॅन्युअलमध्ये बघितला. नवा नट, टॉर्क रेंच, आणि सगळं चाक हवेत असतानाच ब्रेक दाबून, कारण नट ढिला असताना गाडीचं वजन टाकलं तर बेअरिंगची वाट लागते. माझ्या बेअरिंगवर तसं आठ दिवस वजन होतंच, त्यामुळे महिन्याभराने परत ऐकायला ये म्हणालाय.

लोअर आर्मच्या बुशचे (सांध्यातल्या रबराचे) बोल्टही चाकं लटकत असताना आवळलेले निघाले, असं केलं की गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ते ढिले करून वजनावर पुन्हा आवळले. आतल्या जॉइंटचं बूट (रबरी कव्हर) आणि क्लिप बघितली, ग्रीस बाहेर आलेलं नव्हतं, हे नशीबच, कारण काम करताना नकल (हब धरणारा भाग) बाहेर लोंबकळला तर आतला जॉइंट निसटतोही.

टक् पूर्ण बंद. ढिलेपणा बराच गेला, थोडा आहे, पण त्याने चाक हाताने फिरवून दाखवलं की गिअरच्या दात्यांत एवढी मोकळीक असतेच, शून्य होणार नाही. नसतं सांगितलं तर मी पुढचे सहा महिने कान लावून बसले असते.

आता तक्रारी. अख्खा दिवस गेला, फोन करतो म्हणाला आणि केला नाही, काय केलं ते कागदावर लिहून मागितलं तर नुसता हसला. व्हील अलाइनमेंट तिथे होत नाही, शॉकअब बदलल्यावर ते लागतंच, म्हणून अजून एक चक्कर. आणि माणूस कमी बोलतो, चार वेळा विचारलं की एकदा उत्तर.

सध्या चार स्टार. पाचवा महिन्याभराने, बेअरिंग गुणगुणलं नाही तर.