ग्वाल्हेरचा किल्ला: उरवाईकडून गाडीने की ग्वाल्हेर दरवाज्यातून पायी?

ओळखीतलं कुणी ग्वाल्हेरला निघालं की मला हमखास विचारतं, किल्ल्यावर कुठून चढायचं? पश्चिमेला उरवाई दरवाजा आहे, तिथून गाडी थेट माथ्यावर जाते. पूर्वेच्या ग्वाल्हेर दरवाज्यातून मात्र पायीच चढावं लागतं. मी दोन्हीकडून गेलोय. पहिल्यांदा आईला घेऊन गाडीने, दुसऱ्यांदा एकटा, चालत.

गाडीची सोय मोठी आहे, यात वाद नाही. माथा चांगला लांबलचक आहे. मान मंदिर हा राजा मानसिंहाचा महाल एका टोकाला, तेली का मंदिर पार दुसरीकडे, सास-बहूची देवळं मधे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे सगळं गाडीशिवाय दाखवणं अवघडच. आईने त्या दिवशी एकही ठिकाण चुकवलं नाही, ते गाडीमुळेच.

पण एक गोष्ट मनाला लागून राहिली. उरवाईच्या घळीत रस्त्याच्या दोन्ही अंगांना कातळात तीर्थंकर कोरलेले आहेत. पंधराव्या शतकातल्या तोमर राजांच्या, डुंगरसिंह आणि कीर्तिसिंहांच्या काळातलं हे काम. आदिनाथांची उभी मूर्ती तर सुमारे 57 फुटांची. 1528 साली बाबर इथे आला, या मूर्ती फोडायचा हुकूम त्याने दिला आणि तसं आपल्या आठवणींत लिहूनही ठेवलं. पुढे जैन भाविकांनी काही मूर्तींचे चेहरे चुन्यात पुन्हा घडवून घेतले.

आणि हे सगळं आम्ही पाहिलं गाडीच्या काचेतून. रस्ता अरुंद आणि चढाचा, मागे गाड्यांची रांग. ‘जरा थांबवा’ म्हणेपर्यंत मागून हॉर्न सुरू. ड्रायव्हर म्हणाला, उतरताना थांबू. उतरताना तीच गत. आईने हात जोडले तोवर वळण आलं आणि मूर्ती मागे पडली. पाचशे वर्षं तिथे उभ्या असलेल्या मूर्तींपुढे आम्हाला अर्धा मिनिटही उभं राहता आलं नाही. मुक्कामावर पोचल्यावर आई म्हणाली, “पाहिल्यासारखं झालं रे, पण दर्शन नाही झालं.” पुढच्या वेळी पायी जायचं, हे मी तेव्हाच ठरवलं.

पूर्वेची वाट फरसबंदी आहे आणि सुरुवातीपासूनच चढ लागतो. पायथ्याशी मानसिंह तोमराचा गुजरी महाल आहे. त्यात आता पुरातत्त्व संग्रहालय आहे, ते सोमवारी बंद असतं, तेवढं बघून दिवस ठरवा. पुढे एकामागून एक दरवाजे ओलांडत जायचं. थांबत थांबत मला वर पोचायला पाऊण तास लागला.

या वाटेवर मधेच कातळात कोरलेलं चतुर्भुज मंदिर लागतं. मंदिर एवढंसं, सहज पुढे निघून जाल. मी गेलो तेव्हा जाळीला कुलूप होतं, रखवालदाराने विनंती केल्यावर उघडून दिलं. आतल्या भिंतीवर इ. स. 876 चा शिलालेख आहे. देवाच्या बागेसाठी दिलेल्या जमिनीची लांबी 270 हात आणि रोज वाहायच्या माळा 50, असा त्यात उल्लेख आहे. या दोन्ही आकड्यांतलं शून्य गोल कोरलंय, आपण आज काढतो तसंच, फक्त जरा लहान. भारतात तारखेसह कोरलेल्या शून्याच्या सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी हे एक. ती बारीक खूण शोधायला मला बराच वेळ लागला, आणि सापडल्यावर तिथून हलवेना. गाडीने वर गेलेल्या माणसाला हे देऊळ वाटेत लागतच नाही.

शेवटच्या टप्प्यात मान मंदिराची पूर्वेची भिंत थेट डोक्यावर येते. निळ्या फरश्यांचे पट्टे आणि त्यांवर ओळीने चाललेली पिवळी बदकं. गाडीतून उतरणाऱ्याला हा महाल माथ्यावरून, सपाटीवरून भेटतो. चढून येणाऱ्याला तो कड्यातूनच वर उगवल्यासारखा दिसतो. राजाने तो कुणाला दिसावा म्हणून बांधला असेल, हे मला तिथे मान वर करून उभा असताना कळलं. पाठ वळवली की खाली जुनं ग्वाल्हेर पसरलेलं, त्यात सूफी संत महंमद घौसच्या कबरीचा घुमट, आणि त्याच्याच शेजारी तानसेनाची कबर. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर याच गावात शिकले आणि इथली गायकी महाराष्ट्रात घेऊन आले. त्या घुमटाकडे बघत मी बराच वेळ कठड्याशी बसलो होतो.

अर्थात प्रत्येकाला हे जमेल असं नाही. मे-जूनचं ऊन असेल, लहान मुलं असतील किंवा वडीलधारी बरोबर असतील, तर उरवाईनेच जा. फक्त दरवाज्याच्या अलीकडे उतरून मूर्तींपर्यंत चालत जायची तयारी ठेवा.

पाय धड असतील तर मात्र मी सुचवीन, सकाळी लवकर रिक्षाने ग्वाल्हेर दरवाज्याशी उतरा आणि चढायला लागा. मान मंदिर, सास-बहू, तेली का मंदिर करत दक्षिणेकडे या. दौलतराव शिंद्यांनी 1810 साली छावणी टाकली आणि तिचंच पुढे लष्कर हे शहर झालं, ते इथून खाली दिसतं. मग दाता बंदी छोड गुरुद्वाऱ्यात थोडं बसा. सहाव्या गुरूंच्या, हरगोबिंदजींच्या या किल्ल्यातल्या कैदेची ती जागा. लंगरात जेवण होतं. त्यानंतर उरवाईने चालत उतरा आणि परतीची रिक्षा खालीच करा.

उताराला दम लागत नाही आणि कुणी घाईही करत नाही. दुसऱ्या खेपेला मी आदिनाथांसमोर रस्त्याच्या कडेला पोटभर उभा राहिलो. आईसाठी मूर्तीचे फोटो काढले, पावलांपासून चेहऱ्यापर्यंत. एका फोटोत ती मूर्ती मावली नाही, तीन काढावे लागले.