अपूर्णांकाला खेळ, नळावरच्या रांगेला डिझाइन थिंकिंग

सहावीत सममूल्य अपूर्णांक पक्के करायचे, तर खेळच घ्यावा. चौघांचा गट. प्रत्येकाला २४ सेंमीची अखंड पट्टी, शिवाय पुठ्ठ्याचे १२, ८, ६, ४ आणि २ सेंमीचे तुकडे: १/२, १/३, १/४, १/६, १/१२. फाशावर हेच अपूर्णांक लिहायचे, १/१२ दोनदा. पडेल तो तुकडा पट्टीवर ठेवायचा. पट्टी तंतोतंत भरली पाहिजे, मावत नसेल तर डाव गेला. १/३ च्या जागी चार १/१२ बसतात, हे हातालाच कळतं. एका तासिकेत काम होतं. धोका एकच: मुलं जिंकण्यात रमतात, गणित निसटतं. म्हणून प्रत्येक डावानंतर बेरीज वहीत लिहायलाच हवी.

डिझाइन थिंकिंग म्हणजे आधी निरीक्षणातून खरा प्रश्न शोधायचा, मग उपायाचा नमुना बनवून तो वापरून पाहायचा. अपूर्णांकांसाठी ते वाया जातं, कारण उत्तर ठरलेलं असतं. जेवणाआधी हात धुण्याच्या नळावर रांग का लागते, अशा प्रश्नाला मात्र तेच लागतं. सहा-आठ तासिका ठेवा. मुलं लगेच ‘आणखी नळ बसवा’ म्हणतात. त्यांना आधी दोन दिवस नुसतं निरीक्षण करू द्या. कदाचित पहिलीच्या मुलांचा हातच नळापर्यंत पोचत नसेल. मग प्रश्न उंचीचा होतो, नमुना पायरीचा. वेळ संपला की नमुन्याची चाचणी गाळली जाते, आणि खरं शिकणं तिथेच असतं.