अभिरूप न्यायालयात आरोपी कोण? क्रुएला, टीम रॉकेट, जियान की जॉन

संविधान दिन २६ नोव्हेंबरला. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की हाताशी थोडेच दिवस उरतात. त्यात जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या शाळा-कॉलेजांत अभिरूप न्यायालय, म्हणजे खटल्याचं नाटक, भरवायचं ठरलं की पहिला प्रश्न आरोपीचा. मुलांना कार्टूनमधला खलनायक हवा असतो, आणि त्यांचं ऐकावं. 'शेजाऱ्याने बांध कोरला' असा खटला घेतला तर गावातलाच कोणीतरी त्यात स्वतःला ओळखतो आणि दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांसमोर येऊन बसतो. क्रुएलाच्या बाजूने भांडायला अमळनेरात कोणी यायचं नाही.

फक्त निवड लोकप्रियतेवर करू नका. कार्टूनमध्ये खलनायकाला शिक्षा होत नाही, अपघात होतो. गाडीचा चुराडा होतो, नाहीतर तो स्वतः आकाशात उडतो. तो भोगतो भरपूर, पण त्याच्यावर आरोप ठेवला जात नाही, त्याला वकील मिळत नाही, त्याची बाजू कोणी ऐकत नाही. पडद्यावर जे झालं आणि कोर्टात जे झालं असतं, यांत तफावत जितकी मोठी तितका आरोपी चांगला.

प्राणी असलेले खलनायक आधीच बाजूला काढा. 'लायन किंग'मधला स्कार खुनी आहे, पण आपल्या कायद्यात प्राणी आरोपी होत नाही. फ्रान्समधल्या फालेझ गावात १३८६ साली एका डुकरिणीवर खटला चालवून तिला फाशी दिली होती. आपल्या आजच्या दंड कायद्यात, भारतीय न्याय संहितेत, त्याची सोय नाही.

क्रुएला डी व्हिल: आठवी ते दहावीसाठी सगळ्यांत भरीव

१९६१च्या '१०१ डाल्मेशियन्स' सिनेमात ती फरच्या कोटासाठी कुत्र्यांची पिल्लं पळवते आणि तिचा शेवट गाडीच्या अपघातात होतो. त्याआधी स्कॉटलंड यार्ड तिची चौकशी करून मोकळं झालेलं असतं. गोष्ट लंडनची. इकडे आणायची तर पिल्लांच्या मालकाचं, रॉजरचं, घर अमळनेरला आणि पिल्लं कोंडलेला वाडा यावलकडे सातपुड्याच्या पायथ्याशी ठेवा. हद्द कोणाचीही असो, कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, ती झिरो एफआयआर. सुरुवातीचा प्रवेश आयता मिळाला.

कलमं लावताना बहुतेक जण घसरतात. पिल्लं एकूण ९९. त्यांतली १५ चोरलेली, ८४ विकत घेतलेली. १५ राहत्या घरातून गेली, म्हणून साधी चोरी (कलम ३०३, तीन वर्षांपर्यंत) न लावता कलम ३०५ लावा, म्हणजे सात वर्षांपर्यंत कैद. क्रुएलाचे साथीदार जॅस्पर आणि होरेस वीज कंपनीची माणसं असल्याचं सांगून घरात शिरले आणि मोलकरीण नॅनीला वर कोंडलं. म्हणून गृह-अतिक्रमण, तोतयेगिरी आणि बेकायदा कोंडून ठेवणं ही कलमंही येतात. क्रुएला स्वतः घरात गेलेली नाही. ती कटाच्या कलमात, म्हणजे ६१ मध्ये येते.

उरलेल्या ८४ पिल्लांची मालकीण क्रुएलाच. जनावर मारून नुकसान करण्याचं कलम ३२५ पाच वर्षांपर्यंत कैद देतं, पण त्यासाठी कोणाचं तरी नुकसान करण्याचा हेतू किंवा जाणीव लागते. आपलीच पिल्लं मारण्यात दुसऱ्याचं नुकसान दाखवणं अवघड. मग हाती उरतो प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. हा आकडा वाचला की वर्ग हसतो, मग गप्प होतो. बचाव पक्षाच्या वकिलाने तो राखून ठेवावा आणि युक्तिवादाच्या शेवटी काढावा.

पुरावा तर आणखी पातळ. वाड्यातला सगळा प्रकार कुत्र्यांनी पाहिला, आणि कुत्रे साक्ष देत नाहीत. नॅनीने दोघांना पाहिलं, क्रुएलाला नाही. हाती एवढंच की तिने आधी पिल्लं विकत मागितली होती आणि रॉजरने नकार दिला होता. हा हेतूचा पुरावा झाला, गुन्ह्याचा नव्हे. सरकारी वकिलाकडे खरा रस्ता एकच: जॅस्परला माफीचा साक्षीदार करायचं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात ती सोय आहे. मग होरेसचा वकील जॅस्परची उलटतपासणी घेतो आणि प्रयोग तिथे रंगतो.

न्यायाधीश कोण हेही आधी ठरवा. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला तीन वर्षांपर्यंतच कैद देता येते. सात वर्षांचा निकाल हवा असेल तर मुख्य न्यायदंडाधिकारी लागतो. अपील दाखवायचं असेल तर सत्र न्यायालय, आणि त्यापुढे खान्देशासाठी उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ. सिनेमे पाहून मुलं बारा ज्युरी बसवतात. आपल्याकडे ज्युरी नाही, तेवढ्या खुर्च्या वाचतात.

टीम रॉकेट: विधीच्या विद्यार्थ्यांसाठी

टीम रॉकेट म्हणजे 'पोकेमॉन'मधली चोरांची टोळी. जेसी आणि जेम्स हे दोन आरोपी. त्यांच्यासोबतचा मियाउथ बोलत असला तरी तो प्राणीच. दर भागात पिकाचूला पळवायचा प्रयत्न, आणि शेवटी आकाशात ठिपका. प्रश्न असा की सापडतच नसलेल्या आरोपीवर खटला चालवायचा कसा? तपास आणि खटल्याची पद्धत ठरवणाऱ्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५६ फरार घोषित आरोपीच्या गैरहजेरीत खटला चालवू देतं. पण फरार घोषित करायला गुन्हा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा हवा. साधी चोरी तीन वर्षांची. प्रयत्न म्हणून धरला तर न्याय संहितेच्या कलम ६२ प्रमाणे त्याच्या निम्मी, म्हणजे दीड वर्ष.

फिर्यादी पक्ष मग संघटित गुन्हेगारीच्या कलम १११ कडे वळतो. तिथे अडतं असं की मागच्या दहा वर्षांत एकाहून जास्त दोषारोपपत्रं दाखल होऊन कोर्टाने दखल घेतलेली असावी लागते. टीम रॉकेटवर पोलिसांनी एकही दाखल केलेलं नाही, दर वेळी ते उडून गेले म्हणून प्रकरण मिटलं असंच सगळ्यांनी धरलं. राहिली जबरी चोरी, कलम ३०९. चोरी करताना तत्काळ इजेची भीती घातली तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. नुसतं जाळं टाकणं म्हणजे भीती घालणं का, आणि 'दहा वर्षांपर्यंत' म्हणजे 'दहा वर्षं किंवा जास्त' का, यावर दोन्ही बाजू अर्धा-अर्धा तास बोलू शकतात. शाळेत मात्र हा खटला नेऊ नका. साक्षीदार जवळजवळ लागत नाहीत, नुसता कायद्याचा काथ्याकूट होतो आणि मागच्या बाकांवरची पोरं झोपतात.

जियान: पाचवी ते सातवी, पण कोर्ट नको

'डोरेमॉन'मधला जियान चौथी-पाचवीच्या वयाचा आहे. मारतो, धमकावून कॉमिक्स घेतो. सात ते बारा वयाच्या मुलाला आपल्या कृत्याची पुरेशी समज नसेल तर तो गुन्हाच होत नाही (कलम २१). समज होती असं धरलं तरी प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक, त्यांपैकी किमान एक महिला. पोलीस साध्या कपड्यांत, बेडी नाही. एवढ्या प्रकरणात एफआयआरही होत नाही. ठाण्याच्या डायरीत नोंद आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल, इतकंच.

आणि त्याची ओळख जाहीर करायला बंदी. फलकावर 'जियानचा खटला' लिहिलंत की प्रयोग सुरू होण्याआधीच कायदा मोडला. 'एक विधिसंघर्षग्रस्त बालक' असं लिहा, मुलांना समजतं कोण ते. निकालात समुपदेशन, समाजसेवा किंवा पालकांकडून हमी. जियानचा मार खाणाऱ्या नोबिताची बाजू मांडणाऱ्यांना हे कमी वाटतं. वाटू द्या, त्यांनी तसं मंडळासमोर बोलावं.

जॉन आणि मुखवटेवाले

'मोटू पतलू'मधल्या जॉनला इन्स्पेक्टर चिंगम धरतो आणि पुढच्या भागात तो मोकळा असतो. पूर्ण खटला उभा करण्याएवढं त्यात काही नाही. चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करणं आणि जामिनाची सुनावणी, एवढा वीस मिनिटांचा प्रवेश छान होतो.

'स्कूबी-डू'मधले मुखवटेवाले उलटतपासणी शिकवायला उत्तम. मुखवटा निघताच ते पोलिसांसमोर सगळं कबूल करतात, आणि साक्ष अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे तो कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही. शिवाय पकडणारी मुलं खाजगी व्यक्ती आहेत. दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा डोळ्यांसमोर घडला किंवा आरोपी फरार घोषित असला तरच त्यांना अटक करता येते, आणि सहा तासांच्या आत आरोपी पोलिसांच्या ताब्यात द्यावा लागतो.

तयारीत काय चुकतं

क्रुएला घेतली तर चौदा-पंधरा मुलं लागतात: न्यायाधीश, लेखनिक, पट्टेवाला, दोन्हीकडे दोन-दोन वकील, तीन आरोपी, रॉजर, नॅनी, तपास अधिकारी, दोन पंच. एका पंचाला फितूर करा, मजा येते. आरोपींचं म्हणणं (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५१) सगळे विसरतात, आणि न्यायाची बाजू मांडायची तर तेच मुख्य. न्यायाधीशाने प्रत्येक पुरावा आरोपीपुढे ठेवून 'यावर काय म्हणणं आहे?' असं विचारायचं. त्याला दहा मिनिटं राखून ठेवा.

नॅनीला अहिराणीत साक्ष देऊ द्या, लेखनिकाने प्रमाण मराठीत उतरवून घ्यावं. पिल्लं मुद्देमाल आहेत, कपाटात ठेवायची नाहीत. पंधरा रॉजरला सुपूर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळण्याच्या लेखी हमीवर, द्यायची. ८४ पिल्लं त्याच्या घरी पाठवायची तर १९६०च्या कायद्याचं कलम २९ वापरून क्रुएलाची मालकी काढून घेणारा वेगळा आदेश लागतो, तोही ती दोषी ठरली तरच.

एफआयआरवरची घटनेची तारीख १ जुलै २०२४ किंवा नंतरची घाला. त्याआधीची घातली तर जुनं दंडविधान लागू होतं आणि वर दिलेले न्याय संहितेचे सगळे आकडे बदलतात. पोलीस ठाण्याचं नाव मात्र काल्पनिकच ठेवा.